विनी आत्याची उचकी

“बर्टी, लोक हसायला लागले की तोंड मीट. आणि स्वतःच्या विनोदावर कधी हसू नकोस. ते काम आत्याचं.”

नेड थ्रेलफॉलने आपल्या मुलाला दिलेली इस्टेट ती एवढीच. नेड हा सॉल्टहोमच्या धक्क्याच्या टोकाला, खाली समुद्र आणि वर गळकं छप्पर अशा थिएटरात वर्षानुवर्षं लोकांना हसवत आला. तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर त्याची धाकटी बहीण विनिफ्रेड बसलेली असे. नेडने एखादी गोष्ट सांगितली आणि थिएटर थंड राहिलं, तर विनी हसे. तिचं हसणं म्हणजे उतारावरून सुटलेली दुधाच्या बाटल्यांची गाडी! आधी एक बाटली खणखणे, मग दुसरी, आणि मग सगळी गाडी आपटत खाली येई. ते ऐकून शेजारचा हसे, मग त्याच्या मागचा, आणि पाहता पाहता अख्खं थिएटर डोळे पुसू लागे. बाई तशी भक्तिमार्गातली. रोज पहाटे चर्चमधली मिस्सा, संध्याकाळची जपमाळ, शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून मासे. पण देवाने गळ्यात असं काही घालून पाठवलं होतं, त्याला ती तरी काय करणार?

नेड वारला. कथबर्ट, म्हणजे बर्टी, मोठा होऊन लंडनला गेला आणि क्राउनफील्ड स्टुडिओत विनोदी चित्रपट काढू लागला.

तिथे गेल्यावर त्याला पहिला धक्का बसला तो हा की चित्रपटाच्या कारखान्यात हसायला बंदी असते! कॅमेरा फिरू लागला की ध्वनिमुद्रक कानाला यंत्र लावून बसे, आणि कुणी नुसतं नाकातून फुस्स केलं तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून. सुतार तोंडात टोपी कोंबून उभे राहत, रंगभूषेच्या बाई पडद्याआड जाऊन बसत. रंगमंचावरचा नट हशा ऐकतो, थांबतो, ओसरला की पुढचं वाक्य टाकतो. इथे नटाने वाक्य बोलायचं मार्चमध्ये आणि लोकांनी हसायचं नोव्हेंबरात. मग मध्ये थांबायचं किती? कमी थांबलात, तर पुढचं वाक्य हशात बुडालं. जास्त थांबलात, तर पडद्यावर नट आणि खुर्चीत प्रेक्षक, दोघे एकमेकांकडे बघत बसले.

बर्टीने यावर तोड काढली ती आत्याची. चित्रपट कच्चा जोडून झाला की तो डबे घेऊन सॉल्टहोमला जाई. तिथल्या पॅव्हिलियन चित्रगृहात यंत्र चालवणारा क्लेम हॅसॉल त्याचा शाळेतला दोस्त. क्लेम सकाळी रिकाम्या थिएटरात रीळं लावी. मागच्या रांगेत आत्या आणि बर्टी खांद्याला खांदा लावून बसत. आत्या जितका वेळ हसे, तितकी जागा बर्टी मनात धरून ठेवी, आणि लंडनला परतल्यावर त्याची संकलक हेस्टर पिंक तितक्या लांबीचा तुकडा मध्ये चिकटवी. असा तुकडा हाताशी असावा म्हणून बर्टी एका कुत्र्याचा चेहरा मुद्दाम भरपूर चित्रित करून ठेवी. ‘बस्टर’ नावाचा तो चपट्या तोंडाचा कुत्रा त्याच्या प्रत्येक चित्रपटात असे. विनोद झाला की बस्टर. लोक हसून घेत, तोवर बस्टर. मग पुढचं वाक्य.

या युक्तीवर बर्टीचे पाच चित्रपट तुफान चालले. ‘हशा मोजावा तर थ्रेलफॉलने’, असं वर्तमानपत्रं लिहू लागली. आत्याबद्दल लंडनात हेस्टरशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

आणि मग सहावा पडला. सातवा तर असा पडला की आवाजही झाला नाही. सातव्याच्या पहिल्या खेळाला बर्टी मागे उभा होता. नायक काहीतरी बोलला, कुणी हसलं नाही, आणि पडद्यावर बस्टर आला. बस्टर बघत राहिला. लोक बघत राहिले. कुणीतरी खोकलं. तरी बस्टर बघतोच आहे. शेवटी पिटातल्या स्वस्त खुर्च्यांतून एक बाई मोठ्याने म्हणाली, “अगोबाई, कुत्र्याला काहीतरी बोलायचंय वाटतं!”

त्या रात्रीचा सगळ्यात मोठा हशा तोच.

स्टुडिओचे मालक सर डिग्बी कोल यांनी बर्टीला बोलावून घेतलं. सर डिग्बी विनोदी चित्रपटांवर मोठे झालेले, पण त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. त्यांचा चेहरा जन्मतःच कुणाच्या तरी दफनविधीला निघालेला होता.

“थ्रेलफॉल,” ते म्हणाले, “तुमच्या चित्रपटांत हल्ली शांतता फार छान असते.”

“आभारी आहे, सर.”

“ती स्तुती नव्हती. तुमचा हा नवा, बिशपचा चित्रपट आपण आधी गावाकडे दाखवून बघू. तुमच्याच त्या सॉल्टहोमला. मी स्वतः येईन. लोक हसले, तर तुम्ही आहात. नाही हसले, तर मंत्रालयाला सांडपाण्याच्या नळांवर शैक्षणिक माहितीपट हवे आहेत. बरेच हवे आहेत. तुमचं उरलेलं आयुष्य त्यात निघेल.”

“नळांवर, सर?”

“त्यात शांतता चालते.”

बिशपच्या चित्रपटाचं नाव होतं ‘बिशपांचा पाहुणचार’. एका गावात बिशप एक दिवस मुक्कामाला येतात आणि गाव त्यांची सरबराई करता करता त्यांना भंडावून सोडतं, एवढीच गोष्ट. संवाद खटकेबाज होते. लिहिताना बर्टी स्वतःच गडाबडा लोळला होता. चित्रीकरणात एक दिवस मात्र वाया गेल्यासारखा गेला होता. नायकाचा घसा बसला, आणि सगळी माणसं रोजावर बसून राहू नयेत म्हणून बर्टीने बिशपचा एक मुका तुकडा घेऊन टाकला. बिशपांच्या एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात काकडीचं सँडविच, काखेत टोपी. आणि गावातला प्रत्येक माणूस त्यांच्याशी हस्तांदोलन करायला येतोय. कप ठेवायला जागा कुठेच नाही. बस, इतकंच. ना वाक्य, ना शब्द.

“हा काढून टाक,” बर्टी हेस्टरला म्हणाला होता. “लाज वाटते. मुक्या चित्रपटांचा जमाना गेला.”

“आत्याला दाखवून आण, मग काढते,” हेस्टर ओठातली सिगारेट न हलवता म्हणाली. हेस्टर फार बोलत नसे. तिची कात्री बोले.

तर मार्चमधल्या त्या आठवड्यात बर्टी डबे घेऊन सॉल्टहोमला उतरला. खेळ गुरुवारी संध्याकाळी. हातात दोन दिवस. आत्याच्या घराचं दार त्याने वाजवलं, पुन्हा वाजवलं, आणि कुणी उघडेना म्हणून मागच्या दाराने आत गेला. स्वयंपाकघरात किटली जिवाच्या आकांताने शिट्टी मारत होती आणि आत्या तिच्याकडे पाठ करून शांतपणे बटाटे सोलत होती.

बर्टीने किटली उतरवली. आत्याने दचकून वळून पाहिलं आणि तिचं तोंड उजळलं.

“बर्टी! मेल्या, वाळलास किती! तिकडे लंडनात काय कागद खायला घालतात तुला? बस, असा समोर बस. समोर बसून बोल, मला तुझं तोंड बघू दे.”

“आत्या, चित्रपट आणलाय. उद्या सकाळी क्लेमकडे. या वेळी तुला पोट धरून हसायचंय बरं का, आणि मी मोजणार आहे.”

आत्या सुरी खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिली.

“हसायचं नाहीये मला,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“उपवासकाळ चालू आहे ना? या वर्षी मी हसणं सोडलंय. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत.”

बर्टीला आधी ती थट्टा वाटली. “हसणं? आत्या, लोक गोळ्या-चॉकलेटं सोडतात!”

“गोळ्या! दहा वर्षं सरकारने गोळ्या सोडायला लावल्या. आत्ता कुठे त्या रेशनावरून सुटल्या, आणि लगेच मी त्या सोडू? देव म्हणेल, ही बाई सवयीचं तेच देतेय. जे जवळ भरपूर असतं ते द्यावं माणसाने. माझ्याजवळ काय भरपूर आहे? हसू.”

“पण हेच वर्ष का गं?”

“तुझ्यासाठी,” आत्या म्हणाली, आणि बटाटा पुन्हा हातात घेतला. “तुझे दोन चित्रपट पडले. वाचलं मी पेपरात. मग नवस बोलले, की माझ्या बर्टीचा हा चित्रपट चालू दे, मी ईस्टरपर्यंत हसणार नाही.”

बर्टी खुर्चीत मागे रेलला. हिच्या हसण्यावाचून चित्रपट चालायचा नाही, आणि चित्रपट चालावा म्हणून हिने हसणं सोडलेलं! आकाशातल्या बापाने दोन्ही अर्ज एकाच टेबलावर ठेवून कपाळाला हात लावला असेल.

“आत्या, रविवार उपवासात धरत नाहीत. रविवारी हसता येईल ना?”

“देवाला रविवारी सुट्टी असते. नवसाला नसते.”

“थोडं? ओठांतल्या ओठांत?”

“फादर क्लिथेरोंना मी सगळं विचारून ठेवलंय. स्मित चालतं. शिंक चालते. उचकी चालते, कारण उचकी आपल्या हातात नसते. हसू नाही.” मग ती जरा नरमली. “येईन मी उद्या. तोंडात रुमाल कोंबून बसेन. मी हसू किती वेळ दाबते ते मोज तू. दाबलेलंही हसूच की, फक्त बाहेर येत नाही.”

बर्टीला ते पटलं. बुडत्याला काडीचा आधार. इथे तर रुमाल होता.

दुसऱ्या दिवशी पॅव्हिलियनच्या मागच्या रांगेत दोघं बसले. आत्याने रविवारची टोपी घातली होती आणि मांडीवर टेबलक्लॉथएवढा रुमाल. क्लेमने वरच्या खिडकीतून डोकं काढून विचारलं, “विनीबाई, करू सुरू?” बर्टीनेच हात वर केला.

चित्रपट सुरू झाला आणि बर्टी खूश झाला. पहिल्याच खटक्यावर त्याचे खांदे हलले, आणि शेजारी आत्याने रुमाल तोंडात कोंबला. दुसऱ्या खटक्यावर तेच. तिसऱ्याला तर तिने डोळेही मिटून घेतले. बर्टी गुडघ्यावर बोटाने ठेका धरून मोजत होता. इथे बस्टर आणखी हवा. इथे मोठा बस्टर. इथे तर बस्टर आणि त्याची बायको, दोन्ही!

आणि मग मधल्या रिळात पडद्याच्या मागच्या कर्ण्यातून ‘खर्र’ झालं, एक जळका वास आला आणि आवाज गेला. पडद्यावर महापौर हातवारे करत तोंड उघडझाप करत होते, आणि थिएटरात फक्त यंत्राची टकटक.

“आवाज गेला!” क्लेम वरून ओरडला. “बर्टी, थांबवू का?”

बर्टीला सगळे संवाद पाठ. महापौरांनी आता कुठलं वाक्य टाकलं हे त्याला ओठांवरून कळलं, आणि त्याचे खांदे सवयीने हलले.

आत्याने रुमाल तोंडात कोंबला.

बर्टी तिच्याकडे बघतच राहिला. पडद्यामागून चकार शब्द येत नव्हता. क्लेम अजून वरून ओरडत होता. आणि आत्या पडद्याकडे तोंड करून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून बर्टीच्या खांद्याकडे बघत, नसलेलं हसू दाबत बसली होती.

न उघडलेल्या दारासारखं मनात काहीतरी वाजलं. मागच्या दाराने आत जावं लागलं होतं ते. किंचाळणारी किटली. समोर बस, तुझं तोंड बघू दे.

त्याने मुद्दाम, काहीही कारण नसताना, पुन्हा खांदे हलवले. रुमाल पुन्हा आत गेला.

म्हणजे सहाव्याला ही माझे खांदे बघून हसली. सातव्यालाही. मी माझ्याच विनोदांवर हसलो, तिने माझं हसणं मला परत दिलं, आणि मी ते मोजून त्यात कुत्रा चिकटवला! बाबांनी सांगितलेली एकच गोष्ट, आणि ती मी दोन चित्रपट, सकाळ-संध्याकाळ, तिकीट लावून मोडली!

तो लाकडासारखा बसून राहिला. मनात नळच नळ दिसू लागले. सरळ नळ, वाकडे नळ, कोपऱ्यावरचे नळ.

तेवढ्यात शेजारून आवाज आला.

“हुक्!”

त्याने पाहिलं. आत्या आता त्याच्याकडे बघत नव्हती. ती खुर्चीत पुढे सरकली होती. पडद्यावर बिशप एका हातात कप, दुसऱ्या हातात सँडविच, काखेत टोपी घेऊन उभे होते, आणि समोरून एक जाडजूड बाई हात पुढे करून येत होती. बिशपांनी विचार केला. सँडविच दातांत धरलं. बाईंनी त्यांची विचारपूस केली. बिशप मान हलवत राहिले. मागून पाद्री आला. बिशपांनी कप टोपीत ठेवला.

“हुक्!” आत्या उडाली. रुमाल खाली पडला होता. तिने टोपीची फीत दातांत धरली. मग कुणीतरी बिशपांना आदराने वाकून टोपी डोक्यावर घालायची विनंती केली.

“हुक्! हुक्! अरे देवा... हुक्! पवित्र माते, वाचव... हुक्!”

ती दोन्ही हातांनी पुढची खुर्ची धरून थरथरत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि बर्टीचे खांदे तर जागचे हलले नव्हते. हा तुकडा त्याला लाजिरवाणा वाटत आला होता. आत्ताही तो आपल्या बुटांकडेच बघणार होता.

रीळ संपलं. दिवे लागले. आत्याने टोपी नीट केली, वळली, आणि त्याच्या तोंडाकडे पाहताच ओळखलं.

“कळलं वाटतं तुला,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“दोन हिवाळे झाले. आधी डावा कान गेला, मग तो एकटा पडला म्हणून उजवा.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“ऐकू येत नाही म्हटलं असतं, तर चित्रपट घेऊन आला असतास?”

“आलो असतो.”

“गाढवा, खोटं बोलताना तुझे ओठ फार स्पष्ट दिसतात.”

आत्या रुमाल शोधायला वाकली आणि खालूनच म्हणाली, “तू शेजारी बसून हलायचास ना, मला वाटायचं काहीतरी छानच असणार. नेडच्या मुलाला हसू आलं, मग मी कशी मागे राहू? मी हसले म्हणून ते चित्रपट पडले, हो ना रे?”

तिचं डोकं खुर्चीखाली होतं, म्हणून बर्टीने उत्तर दिलं नाही. ती वर आली तेव्हा त्याने तिच्यासमोर येऊन, ओठ नीट हलवत विचारलं, “बिशपांच्या वेळी मी हललो होतो का?”

आत्याने आठवून पाहिलं. “नाही रे. तेव्हा तू होतास हेच मी विसरले.” मग तिचा चेहरा एकदम गंभीर झाला. “ती उचकी होती हं. फक्त उचकी.”

“उचकीच होती,” बर्टी म्हणाला, आणि कित्येक दिवसांनी त्याला डोकं हलकं वाटलं.

त्याने हेस्टरला फोन लावला. ती दुपारच्या गाडीने कात्री आणि कापून टाकलेल्या तुकड्यांचा डबा घेऊन आली, आणि पॅव्हिलियनच्या मागच्या खोलीत, जिथे क्लेम फाटकी रीळं जोडी, तिथे दोघांनी ठाण मांडलं.

“बिशपचा तुकडा काढायचा ना?” हेस्टरने विचारलं.

“बिशप राहणार. पूर्ण. आपण जे कापून टाकलं होतं, तेही परत लाव. कुत्रा काढ.”

हेस्टरच्या ओठातली सिगारेट पहिल्यांदाच हलली. “कुठला?”

“सगळा.”

“बर्टी, कुत्र्याशिवाय तुझा चित्रपट? लोक तुला ओळखणार नाहीत.”

“मलाच मी ओळखू येत नाहीये. काढ. आणि जिथे जिथे मी लिहिताना हसलो होतो ना, ती वाक्यंही.”

“ती कुठली हे मला कसं कळणार?”

“मी सांगतो. सगळी पाठ आहेत. नालायक आहेत, पण पाठ आहेत.”

बस्टर जमिनीवर ढीगभर साठला. क्लेमने पाहून टोपी काढली. “बिचारा,” तो म्हणाला, “चांगला नट होता.”

क्लेमने जळका कर्णा बदलला, आणि गुरुवारी संध्याकाळी पॅव्हिलियन तुडुंब भरलं. सॉल्टहोमची माणसं मोठी अवघड. ती थंडीत समुद्राकाठी बाकावर बसून आइस्क्रीम खातात आणि मजा येते म्हणतात. त्यांना हसवणं म्हणजे गंमत नव्हे. मधोमध सर डिग्बी आपल्या दफनविधीच्या चेहऱ्याने बसले होते. आत्या मात्र आत यायला तयार नव्हती. “माझा भरवसा नाही,” ती म्हणाली. “तो बिशप पुन्हा टोपी घालायला लागला, तर नवस मोडेल माझा. आणि मोडला तर तुझाच चित्रपट पडेल. मी घरी बसते माळ घेऊन.”

दिवे मालवले. पहिली काही मिनिटं बर्टी मागे उभा राहिला. कुणी हसेना. त्याने बाजूचं दार ढकललं आणि गल्लीत बाहेर पडला. समुद्रावरून खारा वारा येत होता. आणि गल्लीत, पॅव्हिलियनच्या विटांच्या भिंतीला दोन्ही तळवे आणि एक गाल टेकवून, रविवारची टोपी घातलेली विनी आत्या उभी होती.

बर्टी धावत तिच्यासमोर गेला. “आत्या! घरी होतीस ना?”

“श्श्! मध्ये बोलू नकोस, भिंत ऐकू दे. नेड खेळ करायचा तेव्हा धक्क्याच्या फळ्यांतून हशा पायाला लागायचा माझ्या. विटांतूनही लागतो का बघतेय.” तिने डोळे मिटले. “अजून काही नाही.”

बर्टीनेही तळवा टेकवला. वीट थंड होती.

“आता जरा मुंग्या आल्यासारखं झालं,” आत्या म्हणाली. “गेलं. पुन्हा आलं. कोण आलं पडद्यावर?”

“जाडी बाई येत असणार.”

“हो? मग थांब.” तिने गाल आणखी घट्ट दाबला. आणि बर्टीला तळव्याखाली वीट जाणवली. आधी एक थरथर. मग दुसरी. मग उतारावरून गाडी सुटल्यासारखी सगळी भिंत, खालपासून वरपर्यंत. पाणी वाहून नेणारा पत्र्याचा नळ खडखडू लागला. छपरावरचे समुद्रपक्षी केकाटत उडाले. दाराच्या फटीतून एक गर्जना बाहेर आली.

“बर्टी!” आत्या ओरडली. “भिंत हलतेय रे! भिंत हलतेय!”

“बिशपांनी टोपी घातली!” बर्टी ओरडला, आणि तिथेच गोल गोल नाचू लागला.

“सांगू नकोस मेल्या! हुक्! सांगू नकोस! हुक्!”

बाजूचं दार धाडकन उघडलं आणि सर डिग्बी बाहेर पडले. टाय सुटलेला, गाल लाल, हातात चेंबलेली हॅट. ते भिंतीला पाठ लावून श्वास घ्यायचा प्रयत्न करत होते आणि त्यांच्या तोंडून बेडकासारखा आवाज येत होता. बर्टीला वाटलं, झटका आला. मग ध्यानात आलं, साहेब हसताहेत. सवय नसल्याने जमत नाहीये, एवढंच.

“कप...” सर डिग्बी म्हणाले. “थ्रेलफॉल... कप... टोपीत...” पुढे त्यांना बोलवेना. डोळे पुसता पुसता त्यांची नजर आत्याकडे गेली. “ह्या बाई भिंतीला का धरून उभ्या आहेत?”

“पडू नये म्हणून, साहेब,” आत्या त्यांच्या ओठांकडे बघत अदबीने म्हणाली. “हुक्!”

सर डिग्बी पुन्हा बेडूक झाले आणि आत गेले. जाता जाता म्हणाले, “नळ रद्द!”

गल्लीत दोघंच राहिली. भिंत अजून मधूनमधून हलत होती. आत्याने एक हात भिंतीवरून काढून बर्टीच्या गालावर ठेवला. थंड आणि विटकरी रंगाने माखलेला हात.

“देवाने ऐकलं,” ती म्हणाली. “मी हसणं सोडलं होतं. तू काय सोडलंस?”

“कुत्रा.”

आत्याने ओठ घट्ट मिटले, नाकपुड्या फुगल्या, आणि कसंबसं निभावलं. मग ती म्हणाली, “बर्टी, एक मागू? ईस्टरला डबे घेऊन ये. मिस्सा झाली की क्लेमला सांगू. माझं एवढ्या दिवसांचं साठलंय, ते तेव्हा काढते. पण तू शेजारी बसायचं आणि हलायचं नाही. अजिबात. मी कुठे हसते ते मला बघायचंय. माझं माझं.”

“येतो,” बर्टी म्हणाला. आणि तिला नीट दिसावं म्हणून पुन्हा, सावकाश, “येतो.”

त्यानंतर लंडनमध्ये एकच धमाल उडाली. लोकांनी बिशप डोक्यावर घेतले. चहाच्या दुकानांत पोरंटोरं कप टोपीत ठेवून बघू लागली, आणि आया टोप्या धूत बसल्या. सर डिग्बींनी आरशासमोर हसायचा सराव चालवलाय, अशी वदंता होती. ईस्टरच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी स्टुडिओत मोठी मेजवानी ठेवली. बर्टी उत्सवमूर्ती. रविवारचं जेवण सर डिग्बींच्या खेड्यावरच्या घरी, तिथे पुढच्या चित्रपटांचं ठरायचं होतं.

मेजवानीत सर डिग्बी पेला उंच करून म्हणाले, “आता आपले श्री. थ्रेलफॉल सांगतील, हशा मोजण्याचं त्यांचं रहस्य!”

टाळ्या झाल्या. सगळ्यांनी वळून पाहिलं. बर्टीची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर कुणीतरी बस्टरला बसवलं होतं. बस्टर बघत राहिला. लोक बघत राहिले. आणि मग जो काही हशा झाला! हेस्टर भिंतीला टेकून, ओठातली सिगारेट न हलवता छताकडे बघत होती.

त्या वेळी बर्टी उपाहारगृहाच्या मागच्या दाराने, चहाच्या ढकलगाडीवर डबे रचून, फाटकाकडे निघाला होता. फाटकावरच्या माणसाने विचारलं, “आत्ताच निघालात साहेब? पार्टी तर आत्ता रंगात आली.”

“गावाला जायचंय,” बर्टी म्हणाला. “आत्याकडे.”

उत्तरेच्या गाडीत त्याने डबे समोरच्या बाकावर ओळीने मांडले आणि खिडकीशी बसला. सगळ्यात वरच्या डब्याचं झाकण गाडीच्या हिसक्याने उघडझाप करू लागलं, अगदी महापौरांच्या तोंडासारखं. बर्टीला हसू आलं. त्याने दोन्ही हात मांडीखाली घेतले, पाठ बाकाला टेकवली, आणि खांदे स्थिर ठेवून बसून राहिला.